नानांचं मधलं वाढवा

मी गेली तीस वर्षं बेलापुरात ब्लाऊज शिवते, त्यामुळे व्हिडिओ कापायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हे माझं मत होतं. घरात इतर कुणाचंच नव्हतं, पण आमच्या घरात माझ्या मताला विचारतं कोण? यांना विचारलं तर हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतात, "बघ बाई तुझं तू." पुण्याच्या लेकीला विचारलं तर ती म्हणते, "मम्मी, आधी नीट शिकून घे." शिकून घे! जिच्या पहिल्या झबल्यापासून लग्नातल्या ब्लाऊजपर्यंत सगळं मी बेतलं, तिनं मला बेतायला शिकवावं! अहो, कापड काय आणि व्हिडिओ काय. नको ते काढायचं, हवं ते जोडायचं आणि शिलाई आतल्या बाजूला ठेवायची. यात शिकायचंय काय?

पण व्हिडिओच्या फंदात मी पडलेच का, ते आधी सांगते. यांची भावंडं तीन. थोरल्या आक्का, मधले नाना आणि धाकटे आमचे हे. आक्का राहात्याला दिलेल्या, नाना बेलापुरातच मळ्यात राहतात. दहा-अकरा वर्षांपूर्वी आक्कांच्या मुलाच्या, बाळूच्या लग्नात मामांना फेटे बांधायची वेळ आली. आमचे हे आयुष्यात एकदाच कुठे वेळेवर पोचले असतील तर ते त्या दिवशी. यांना फेटा मिळाला. नाना उसाच्या तोडणीत अडकून उशिरा आले, तोवर फेटे संपलेले. कुणीतरी धांदलीत त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली आणि पुढे गेलं. धाकट्या मामाला फेटा आणि थोरल्या मामाला टोपी! नाना भरल्या पंगतीतून उठले ते थेट बेलापूर.

त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगतात, "सख्ख्या बहिनीनं मला टोपी घातली!" अर्ध्या जिल्ह्याला ही गोष्ट पाठ आहे. एकट्या आक्कांना तेवढी माहीत नव्हती, कारण कुणी सांगायला गेलं की त्या हात वर करायच्या. "त्याच्या पोटात काय हाय ते त्याच्या तोंडानं सांगू दे. तुमी मधी पडू नका." बहीणभावांचा अबोला सुरू झाला तो झालाच.

यंदा आक्कांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. बाळूनं राहात्यात कार्यालय घेतलं, जेवणं ठरवली, आणि आक्कांनी पाय आडवा घातला. "नाना येनार असंल तर करा. न्हाईतर मला हितं वाती वळत बसू द्या." हे बोलताना त्यांचा आवाज कापला. आवाज कापलेला मला सहन होत नाही, म्हणून मी उठून म्हणाले, "नाना येतील. माझी जबाबदारी."

माझा बेत असा होता. सगळ्या नातेवाइकांच्या शुभेच्छा फोनवर घ्यायच्या, त्यांचा मिळून एक सिनेमा करायचा आणि त्याच्या मधोमध नानांना बसवायचं. पडद्यावर स्वतःला बघायला माणूस कुठूनही येतो, मग नाना का येणार नाहीत? आणि नानांचे दोन गोड शब्द ऐकले की आक्का विरघळतील. मी मळ्यात जाऊन नानांसमोर फोन धरला. सुरुवात तर अशी केली त्यांनी की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "आक्के, आई गेल्यावर तू मला अंगाखांद्यावर खेळवलंस." शेवटही तसाच. "आक्के, आता किती दिवस ऱ्हायलं आपलं? येत जा." मधली सात मिनिटं मात्र टोपी! टोपी कुणी आणली, टोपी कशी घातली, टोपी डोक्यापेक्षा लहान कशी होती, टोपी बघून व्याही कसे हसले. म्हटलं, हरकत नाही. मधलं कापू. शेवटी मी शिंपीण आहे.

आता कॉम्प्युटर. माझ्या शिवणाच्या खोलीत गळ्यांची डिझाइनं दाखवायला एक जुना कॉम्प्युटर आहे. तो फारच रडायला लागला तेव्हा लेकीनं दिवाळीत येऊन त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं. (यांना कितीतरी दिवस ते खोकल्याचं औषध वाटत होतं.) "मम्मी, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवर पळतं." फुकट ते पौष्टिक, म्हणून मीही मान डोलावली. पडद्यावर लिनक्सची खूण म्हणून एक पेंग्विन आला. गिऱ्हाइकं माप देता देता विचारायची, "ताई, बदक कशापायी ठिवलंय?"

लेकीला फोन लावला. "यात व्हिडिओ कापायचं कुठलं घेऊ?"

"कुठलंही घे गं, पुष्कळ आहेत. सगळी फुकट."

हाच तर घात आहे! बाजारात वांग्यांचा एकच ढीग असला की बाई पिशवी भरून घरी येते. दहा ढीग असले की तिची दुपार तिथेच होते. पहिलं उघडलं तर विमान चालवायला बसल्यासारखं वाटलं. एक बटण दाबलं आणि माझी मावसनणंद पडद्यावरून जी गेली ती सापडेना. दुसरं उघडायचं, जरा विचार करायचं आणि बंद व्हायचं. पुन्हा उघडायचं, पुन्हा विचार, पुन्हा बंद! तिसरं म्हणे सिनेमावाले वापरतात. त्यानं आल्या आल्या विचारलं, ग्राफिक्स कार्ड कुठलं? मी म्हटलं, कुठलंच नाही. त्यानंतर ते माझ्याशी बोललंच नाही, काळा पडदा धरून बसून राहिलं. वर आमच्या फोनचे व्हिडिओही त्याच्या पसंतीला उतरेनात. अरे, फुकट आलायस आणि तुला मानपान कसले?

लेक म्हणाली, इंटरनेटवर विचार. विचारलं. 'नवीन शिकणारी आहे, लिनक्सवर व्हिडिओसाठी कोणतं घेऊ?' एवढं साधं! त्यावर एकानं विचारलं, आधी सांगा, लिनक्स कोणतं? तेव्हा मला कळलं की लिनक्स एक नसतं, त्याचे भाऊबंद असतात. आणि भाऊबंद म्हटले की बांधाचं भांडण आलंच! माझं लिनक्स कुठलं ते सांगितलं तर दुसरा म्हणाला, ते टाकून द्या. तिसरा म्हणाला, दुसऱ्याचं ऐकू नका. मग ते सगळे एकमेकांवर असे तुटून पडले की मी कोण, माझी नणंद कोण, याचा कुणाला पत्ताच राहिला नाही. मी मध्ये एकदा 'अहो, पंच्याहत्तरीचं कसं करू?' असं लिहून पाहिलं. एकानं उत्तर दिलं, 'ताई, जरा थांबा.'

चौथं घेतलं आणि मात्र माझा जीव भांड्यात पडला. त्यात चक्क कात्रीचं चित्र होतं! मी लगेच सगळ्यांचे व्हिडिओ ओळीनं टाकले. तर तोंडं आधी हलायची आणि आवाज मागून यायचा. यांच्या चुलतभावाचं बोलून संपलं, त्यांनी हात जोडले, पाणी प्यायले, तरी शुभेच्छा चालूच! लेक म्हणाली, फोनचे व्हिडिओ आधी दुसऱ्या प्रकारात बदलून घ्यावे लागतात. हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, "तू विचारलं कुठे?" बघा! शिवायला दिलेलं कापड आटतं का, हेही गिऱ्हाइकानंच विचारायचं का? मी तर न विचारता सांगते. असो. बदलले.

आणि मग जाऊबाई आल्या.

जाऊबाई म्हणजे नानांच्या मंडळी. त्या मळ्यातली वांगी घेऊन माझ्या दारात उभ्या, आणि मी फोनवर लेकीला ओरडून विचारतेय, "अगं, पण नानांना मधनं कापायचं कसं? डोकं ठेवते, पाय ठेवते, पोट तेवढं काढून टाकते!"

वांगी धाडकन खाली पडली.

"माझ्या कुंकवाचं पोट काढती व्हय गं?" जाऊबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र दोन्ही हातांनी धरलं. "आन डोकं ठिवती! मोठे उपकार झालं!"

"अहो जाऊबाई, व्हिडिओतलं!"

"व्हिडिओतलं असूं न्हाईतर पाटावरचं. जित्या मानसाला काप म्हनत्यात का? सत्तरीचा मानूस त्यो! आदीच ह्यांची शुगर वाढलीया."

मी समजावलं, हे समजावायला उठले (हे उठले यावरून प्रसंग किती बाका होता ते कळेल), पण जाऊबाई ऐकेनात. शेवटी त्यांनीच तोड काढली. "हे बग शैला. देवापुढं नारळ फोडतो तवा आपन काय म्हनतो? वाढवला म्हनतो. हातातली बांगडी फुटली तर वाढली म्हनतो. तसं ह्यास्नी वाढव. कापू नको. न्हाईतर मी फोन करून सांगती ह्यास्नी, राहात्याला पाऊल टाकू नका."

नाना नाहीत तर आक्का नाहीत, आक्का नाहीत तर कार्यक्रम नाही. मी मुकाट्यानं कबूल केलं. त्या क्षणापासून आमच्या घरातून 'काप' हा शब्द हद्दपार झाला. जाऊबाई रोज कसलं तरी निमित्त काढून येऊन बसत आणि पहारा देत. "चुलतभावाला इथे वाढवू का?" "वाढव." "ही मामी फार बोलते, हिला अर्ध्यात वाढवते." "वाढव बाई, तिला आदीच वाढवायला पायजे हुतं!"

तोंडाला सवय लागायला कितीसा वेळ लागतो? गल्लीतल्या कांताबाई ब्लाऊज घेऊन आल्या. "शैलाताई, बाही जरा वाढवून द्या." मी हो म्हटलं, डोक्यात नाना, हातात कात्री. कांताबाईंची कोपरापर्यंतची बाही खांद्याला जाऊन भिडली! कांताबाई म्हणाल्या, "ह्या वयात असलं घालू व्हय मी? मालक घरात घेत्याल का?" यावरून मी शहाणी व्हायला हवं होतं. पण मला राग आला तो जाऊबाईंचा, आणि रागात शहाणपण सुचत नाही.

तेवढ्यात कॉम्प्युटर अडू लागला. नानांचा व्हिडिओ लावला की दोन शब्द बोलून नाना तोंड उघडं टाकून थांबत. लेक म्हणाली, रॅम वाढव. मी दचकलेच. "म्हणजे काढून टाकू?" "मम्मी, काढून कशी टाकशील? वाढव म्हणतेय!" शेवटी श्रीरामपूरला दुकानात गेले. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकू, गेमिंग करता का?"

"नणंदेची पंच्याहत्तरी करतेय."

"मग ग्राफिक्स कार्ड घ्याच!" पंच्याहत्तरीचा आणि कार्डाचा काय संबंध ते त्यालाच माहीत, पण त्यानं रॅमबरोबर एक कार्डही माझ्या गळ्यात मारलं. भलं मोठं, दोन पंखेवालं, आतून लाल-निळे दिवे लागणारं. घरी आणलं तर ते आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात शिरेना! चार बोटं लांब! जी बाई लुगड्यापासून लेसपर्यंत सगळ्याचं माप घेऊनच बोलते, ती या एका खरेदीला टेप घरी ठेवून गेली होती. हे पत्रा कापायची कात्री घेऊन आले आणि जाऊबाईंकडे बघत म्हणाले, "डबा जरा वाढवू का?" जाऊबाई म्हणाल्या, "डब्याला कापलं तरी चालंल. त्याला कुठं कुंकू हाय?" मी दोघांनाही बाहेर काढलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, मग मोठा डबा घ्या. आणि मोठा डबा टेबलावर मावला नाही तर? "काकू, टेबल आपल्याकडे नाही." जसं काही मी त्याच्याकडे सोफासेट मागितला होता!

कार्ड तसंच खोक्यात राहिलं. रॅम तेवढी बसली आणि काम पुढे सरकलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी माझा सिनेमा पूर्ण झाला. नानांचं टोपीचं सगळं मी माझ्या हातानं असं काही काढलं होतं की सांधा शोधून सापडला नसता. "आक्के, तू मला अंगाखांद्यावर खेळवलंस. आक्के, आता किती दिवस ऱ्हायलं आपलं? येत जा." मी हुंदके देत पाहिला. जाऊबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. आता फक्त सगळे तुकडे मिळून एक फाइल करायची राहिली होती. त्याला रेंडर म्हणतात. बटण दाबलं. कॉम्प्युटर तापला. हे पेपरनं वारा घालू लागले. काम जवळजवळ झालं, शेवटचा घास उरला, आणि लाईट गेली.

लाईट आली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तिथेच गेली! महावितरणला शिव्या द्यायला आमची गल्ली माझ्या आधीच बाहेर आली होती. लेक म्हणाली, "फाइल पेनड्राइव्हवर घे आणि एखाद्या स्टुडिओत जा." घेतली. जाऊबाई म्हणाल्या, मीही येणार. आम्ही दोघी एसटीनं राहाता गाठलं. कार्यक्रमाचं शूटिंग बाळूनं ज्यांना दिलं होतं ते अन्सारभाई, लग्नांचे व्हिडिओ करणारे, स्टुडिओत होते. भला माणूस. पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाले, "मावशी, ह्याच्यात व्हिडिओच न्हाईत. कुठं काय जोडायचं ती नुसती आखणी हाय."

म्हणजे मी कागदावर काढलेलं माप घेऊन आले होते आणि कापड घरीच! लेकीनं 'फाइल घे' म्हटलं, मी घेतली. कुठली फाइल ते कोण सांगणार? पण देव आहे. मूळचे सगळे व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होते. अन्सारभाई म्हणाले, "द्या हिकडं. लग्नाचं काम आटपलं की बसतो. उद्या थेट कार्यालयात लावतो. काय काय करायचं तेवढं सांगा."

आता जे बोलणं झालं ते मी शब्दाला शब्द सांगते, म्हणजे चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

"बाकी सगळ्यांचं आहे तसं जोडा," मी म्हटलं. "फक्त नानांचं मधलं वाढवा."

"वाढवू? किती?"

"भरपूर. टोपी शब्द आला की वाढवा."

त्यांनी जरा ऐकून पाहिलं. "मावशी, टोपी लई येळा हाय."

"जितक्या वेळा आहे तितक्या वेळा वाढवा. एकही सोडू नका! माझ्या नणंदेचं वय बघा, तिच्या कानांचा विचार करा."

"आस्सं! मग आवाज पन वाढवू?"

"आवाज, चेहरा, सगळं वाढवा!"

जाऊबाई पुढे झाल्या. "आमच्या मालकाची अब्रू तुमच्या हातात हाय, दादा."

"काळजीच सोडा," अन्सारभाई म्हणाले. "असं करतो की राहाता नाव घेईल."

दुसऱ्या दिवशी कार्यालय भरलं. आक्का नवं लुगडं नेसून पुढच्या कोचावर. नाना आले, पण शेवटच्या रांगेत दाराशी, पायांत चपला तशाच. आक्कांनी एकदाच मान वळवून मागे पाहिलं आणि पुन्हा सरळ बसल्या. पडदा उजळला. चुलतभाऊ झाले, मामी झाली, आणि नाना आले. "आक्के, आई गेल्यावर तू मला अंगाखांद्यावर खेळवलंस." आक्कांचा हात पदराकडे गेला. मी यांच्या कानात म्हटलं, "बघा, जमलं!"

"पन तू मला टोपी घातलीस!"

नानांचा चेहरा पडद्यावर एकदम मोठा झाला. आणखी मोठा झाला. शेवटी नुसत्या मिशाच! "टोपी!" ढँग! "टोपी!" ढँग! "टोपी... टोपी... टोपी..." आवाज कार्यालयभर घुमला आणि एक पांढरी टोपी पडद्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गिरक्या घेत गेली. मी कोचाची कड पकडली. नाना पुढे सरकले, व्याही कसे हसले ते सांगू लागले, की पुन्हा टोपी, पुन्हा मिशा, पुन्हा ढँग! एकही सोडली नव्हती त्या माणसानं! पोरं पहिल्या दोन टोप्यांनंतर पाठ झाल्यासारखी सूर धरून ओरडू लागली. आचारी झारे घेऊन दारात आले. मी अन्सारभाईंकडे धावले. "अहो, वाढवायला सांगितलं होतं ना मी!"

"मग काय केलंय?" ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा जास्त वाढत न्हाई, मावशी."

"वाढवा म्हणजे कापा! नारळ वाढवतात तसं!"

"नारळ वाढवत्यात," अन्सारभाई शांतपणे म्हणाले. "मानूस कुठं वाढवत्यात?"

मागे वळून पाहिलं तर आक्का उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर नाना, दाराशी नाना, आणि मध्ये आक्का. मला वाटलं, संपलं. पंच्याहत्तरीला त्यांचा असा अपमान मी माझ्या हातानं केला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, खोटं नाही सांगत.

"नान्या!" आक्का कडाडल्या. "टोपीसाठी? येवढी वर्सं टोपीसाठी?"

नाना ताडकन उठले. "मग? थोरल्या मामाला टोपी? सोभतं का?"

"अरं मेल्या, मला ठाव तरी हुतं का? मी आत नवरीला ओवाळीत हुते! आन तू पंगतीतनं उठलास, त्याचं काय? व्याह्यांसमोर माझी मान खाली गेली. दरसाल राखी धाडली तुला, एकदा तरी मिळाली म्हनलास?"

"बांदली हुती!" नाना रांगेतून वाट काढत पुढे येत होते. "दरसाल बांदली हुती!"

"कुनी बांदली रं?"

"मीच! सोताच्या हातानं! बायकोकडनं राखी बांदून घेऊ का? दातात दोरा धरून गाठ मारली, दरसाल!"

आक्कांनी नानांचं मनगट धरलं. तिथे अजून राखीचा विटलेला दोरा होता. "ही गाठ हाय व्हय?" त्या रडत रडत म्हणाल्या. "गाढवाला गाठ सुदिक मारता येत न्हाई."

"दातानं मारून बग की तू!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. टोपी, राखी, लहानपणीचे पेरू, आईची पाटली कुणाला दाखवली आणि कुणाला नाही, सगळं निघालं. दोघं भांडत जेवायला बसले, एका ताटात एकमेकांना जिलबी वाढत भांडले, आणि संध्याकाळी आक्का माहेरपणाला म्हणून बाळूच्या गाडीत नानांशेजारी बसून भांडत भांडत बेलापूरला निघाल्या. मी रडत होते. आनंदानं रडत होते, पण संतापही तेवढाच होता. कारण माझा उरलेला सिनेमा कुणी पाहिलाच नाही! माझ्या नावाची पाटी आली तेव्हा सगळं कार्यालय पडद्याकडे पाठ करून उभं होतं. जो भेटेल तो एकच म्हणत होता, "टोपीचं काम लई भारी झालंय! कुनी केलं?" आणि अन्सारभाई नम्रपणे हसत होते. बाळूच्या सासऱ्यांनी तर तिथल्या तिथे त्यांना नातवाच्या बारशाचं काम दिलं. मला? मला घरी आल्यावर कांताबाईंनी बाहीची आठवण करून दिली.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती हसून हसून दमली आणि म्हणाली, "मम्मी, पण जमलं ना शेवटी?" जमलं! माझी सगळी मेहनत वाया गेली म्हणून जमलं, याला जमलं म्हणतात का?

परवा जाऊबाई पुन्हा दारात. या वेळी वांगी नव्हती, आणि चेहरा पार उतरलेला.

"शैला, काय तरी कर बाई. आक्का माघारी राहात्याला गेल्यापास्नं ती दोगं रोज सकाळी फोनवर बसत्यात ते जेवायलाच उठत्यात. मळ्यात पानी सोडलंय, मानूस फोनवर! दारात टॅक्टर उभा, मानूस फोनवर! टोपीचं अजून संपंना. पुन्यांदा अबोला व्हईल असा येकांदा पिच्चर काड की."

"त्यात काय अवघड आहे, जाऊबाई," मी म्हटलं. "या खेपेला मी सगळं माझ्या मनासारखं, अगदी नीट करते."